दुसरा मॉक देण्याआधी

सांगलीतल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमपत्रिकेवर भाषणाचा विषय छापला होता ‘व्यवस्थापन क्षेत्रातील संधी’. याच कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या आणि आता मुंबईत एका बँकेच्या कर्जविभागात वरिष्ठ पदावर असलेल्या प्रमुख पाहुण्यांनी त्याला मोजकी वाक्यं दिली. उद्योगांचे ताळेबंद वाचायचे, दिलेला पैसा परत येईल का याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला तर का चुकला ते लिहून ठेवायचं. “यातलं शेवटचं काम मी इथे शिकले,” असं म्हणून त्या थेट कॉलेजच्या वाचनालयाच्या आठवणींत शिरल्या.

खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून दार उघडण्याआधीच पायऱ्यांवर येऊन बसणाऱ्या मैत्रिणी, परीक्षेच्या दिवसांत कुलूप लावायला मुद्दाम उशीर करणारे ग्रंथपाल, आणि आज समोर पहिल्या रांगेत बसलेले, आता निवृत्त झालेले संख्याशास्त्राचे सर. सर चाचणीचा पेपर परत देताना गुण सांगत नसत. चुकलेल्या उत्तराशेजारी फक्त एक खूण असे. चूक कुठे झाली हे विद्यार्थ्याने शोधून समासात लिहायचं, मगच गुण कळायचे. “सर, कॅटच्या तयारीत मी दुसरं काहीच केलं नाही,” पाहुण्या म्हणाल्या, आणि टाळ्यांमुळे त्यांना थांबावं लागलं.

त्यांच्या वेळी कॅट, म्हणजे व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा, कागदावर व्हायची. २००९ पासून ती संगणकावर गेली. आता दोन तासांत तीन विभाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. २०२४ साली एकूण ६८ प्रश्न होते: इंग्रजी आकलनाचे २४, माहितीचं विश्लेषण आणि तर्काचे २२, गणिताचे २२. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्याय दिलेल्या प्रश्नात चुकलं तर एक गुण वजा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे पाठ होतं. त्यांची अडचण पाहुण्यांनी आधी चहाच्या वेळीच ऐकून घेतली होती: मॉकमागून मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देतोय, स्कोअर मात्र तिथेच.

त्यावर पाहुण्यांचं एकच सांगणं होतं, आणि ते त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. दिलेला मॉक पूर्ण वाचून झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही.

वाचायचा म्हणजे काय, तेही त्यांनी उलगडलं. उत्तरं न पाहता चुकलेला प्रत्येक प्रश्न वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा सोडवायचा. मग वहीत चारपैकी एक कारण लिहायचं: संकल्पनाच माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, किंवा तो प्रश्न सोडून द्यायला हवा होता. चौथ्या कारणासाठी त्यांनी फळा मागवला. पर्यायांचे सोळा प्रश्न सोडवून बारा बरोबर आले, तर ३६ वजा ४, म्हणजे ३२ गुण. घाईने वीस सोडवले आणि बरोबर तेवढेच आले, तर २८. जास्त मेहनत करून चार गुण कमी! राज्याच्या एमबीए सीईटीत मात्र चुकीला वजा गुण नाहीत. तिथे २०० प्रश्न आणि १५० मिनिटं. त्या परीक्षेत प्रश्न कोरा सोडणं हेच नुकसान, म्हणून दोन परीक्षांच्या दोन वह्या.

सरावातल्या आकड्यावर फार विसंबू नका, हे सांगताना त्यांनी रोरर आणि टेलर या अमेरिकी संशोधकांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. घनाकृतींचं घनफळ काढायची गणितं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला सरमिसळ करून. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, दुसऱ्याची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला, दुसरा ६३वर राहिला. दिवसभर फक्त टक्केवारीच सोडवणाऱ्याला सराव सोपा वाटतो. परीक्षेत मात्र गणित कोणत्या प्रकारचं, हे आधी ओळखावं लागतं.

इथून पुढे भाषण कॅटपुरतं राहिलं नाही. एक मुलाखत फसली की दुसऱ्या दिवशी दुसरीकडे अर्ज, एक कोर्स जमला नाही की लगेच नवा, ही घाई त्यांना मुलांमध्ये जागोजागी दिसते. “बिघडलेल्या गोष्टीपाशी एक संध्याकाळ बसा रे,” त्या कळकळीने म्हणाल्या. मग पालकांकडे वळल्या. मॉकच्या दिवशी मुलगी घरी आल्यावर ‘किती पडले?’ असं विचारण्याऐवजी ‘आज काय सापडलं?’ असं विचारा, अशी विनंती त्यांनी केली. मागच्या रांगेतल्या एका आईने मान हलवली, तेव्हा “काकू, तुम्ही नक्की विचाराल,” असं त्या हसून म्हणाल्या.

शेवटची मागणी प्राचार्यांकडे होती. बरीच मुलं मोबाइलवर मॉक देतात; परीक्षा मात्र संगणकावर, पडद्यावरचा कॅल्क्युलेटर वापरून, मध्ये न उठता द्यावी लागते. तेव्हा जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी सकाळी साडेआठला संगणक प्रयोगशाळा उघडावी, आणि मॉकनंतर दुपारी तिथेच वह्या घेऊन बसू द्यावं. प्राचार्यांनी जागेवरूनच होकार दिला. देखरेखीला कोण येणार, असं त्यांनी विचारताच संख्याशास्त्राच्या सरांनी हात वर केला.