हुन्नर हीही तालीमच आहे
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपला मुलगा शिकावा, खुर्चीवर बसावा, त्याचे हात मळू नयेत, अशी आपणा सर्वांचीच इच्छा असते. हातकाम हे न शिकलेल्यांसाठी, हा समज आपल्यात खोल रुजला आहे. तो तपासून पाहावा म्हणून जयपूरचे कलावंत कृपालसिंह शेखावत (१९२२-२००८) यांचे उदाहरण मी आपणापुढे ठेवीत आहे.

शेखावत शांतिनिकेतनात चित्रकला शिकले. नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संविधानाची मूळ प्रत ज्या कलावंतांनी सजविली, त्यांत ते होते. पुढे ते जपानलाही शिकून आले. एवढे शिकलेला हा माणूस श्रीमती कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रोत्साहनाने भांडी घडवू लागला!

ही जयपूरची निळी भांडी. इराण आणि मध्य आशियातील मशिदींच्या घुमटांवरील निळ्या फरशांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. त्याच घराण्याची ही कला. दिल्लीहून ती जयपुरास आली आणि महाराजा रामसिंह दुसरे (कारकीर्द १८३५-१८८०) यांच्या काळात तिला आश्रय मिळाला. तेथील कलाशाळेचे जुने नावच मुळी ‘मदरसा-ए-हुनरी’ होते. परंतु १९५० च्या सुमारास ही कला जवळजवळ नामशेष झाली. मिश्रणाचे प्रमाण कारागीर घराबाहेर जाऊ देत नसत, असे सांगतात. झाकून ठेवलेली विद्या उस्तादाबरोबरच जाते, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता काम कसे चालते ते ऐका. या भांड्यांना कुंभाराची नेहमीची माती चालत नाही. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, सोडा आणि डिंक एकत्र मळतात. पोळीसारखी लाटून ही कणीक साच्यात दाबतात. तळ आणि गळा पुढे चाकावर करून जोडतात. सुकल्यावर भांडे घासावयाचे, त्यावर पांढरा लेप द्यावयाचा आणि मग कुंचल्याने वेलबुट्टी काढावयाची. निळ्यासाठी कोबाल्टचे ऑक्साइड, हिरवट निळ्यासाठी तांब्याचे. गंमत अशी की, कोबाल्ट लावताना काळपट दिसते. त्याचा निळा रंग भट्टीतच उघडतो. म्हणजे चित्रकाराला डोळ्यांपुढे नसलेला रंग मनात धरून काम करावे लागते. शेवटी काचेची झिलई देऊन सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअसवर एकदाच भाजतात. प्रमाण चुकले किंवा भट्टी घाईने उघडली, तर भांडे तडकते आणि सारे श्रम वाया जातात.

विद्यार्थी मित्रांनो, यात रसायनशास्त्र आहे, चित्रकला आहे, आणि सब्रही आहे. शेखावतांनी जुन्या वेलबुट्टीला लघुचित्रांतील आकृतींची जोड दिली आणि निळ्यापलीकडचे रंगही वापरले. परंपरा त्यांनी आधी शिकून घेतली, मग वाढविली.

त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे ही विद्या त्यांनी खुली केली. सवाई रामसिंह शिल्पकला मंदिरात आणि आपल्या ‘कृपाल कुंभ’ या कार्यशाळेत त्यांनी अनेकांना शिकविले. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज जयपूर आणि आसपासच्या खेड्यांत कित्येक कुटुंबांची चूल या निळ्या भांड्यांवर पेटते. एका शिकलेल्या माणसाने हात मळविले, त्याचे हे फळ होय.

पालकहो, आपल्या घरात एखादे मूल वहीच्या कडेला चित्रे काढीत असेल, एखादी मुलगी मेंदीची नक्षी स्वतः रचीत असेल, तर रागावू नका. शाळा सोडवून त्यांना कामाला लावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. शाळा पुरी होऊ द्या आणि हातालाही तालीम द्या. विद्या आणि हुन्नर या दोघी बहिणी आहेत. एकीसाठी दुसरीला घराबाहेर काढू नका.