छायाचित्र, साक्ष आणि पंचनामा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात गुढियारी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाला संतवाङ्मय, नाट्यसंगीत अथवा छत्तीसगडातील भोसलेकालीन इतिहास असा एखादा भारदस्त विषय शोभला असता. त्याऐवजी उडत्या तबकड्यांवर बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे काही वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटत असेल. परंतु आजचा विषय तबकडीचा कमी आणि चौकशीचा अधिक आहे. आकाशात काही विलक्षण दिसले, कोणी त्याचे छायाचित्र घेतले आणि ते सरकारदरबारी पोहोचले, तर पुढे काय घडते, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्या सर्वांच्या स्मरणातील प्रसंग घेऊ. २ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडव्याची संध्याकाळ. गुढ्या उतरवून झाल्या होत्या. पावणेआठच्या सुमारास खानदेशापासून विदर्भापर्यंत आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांत आकाशातून एक तेजस्वी रेघ सरकत जाताना लोकांनी पाहिली. तिचे तुकडे होत होते आणि प्रत्येक तुकडा आपापली शेपटी घेऊन पुढच्या तुकड्यामागून चालला होता. नागपूर-चंद्रपूरकडील आप्तांनी पाठविलेल्या चित्रफिती आपल्यापैकी कित्येकांच्या हाती त्याच रात्री आल्या. त्यांच्यासोबत उल्का, क्षेपणास्त्र, शत्रूचे विमान, परग्रहावरील यान असे नाना तर्कही आले. दूरदेशी राहणाऱ्या माणसाला घरची बातमी नेहमीच थोडी वाढून पोहोचते, हा आपला जुना अनुभव आहे.

तथापि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे, तर्काला जागाच उरली नव्हती. गावच्या मोकळ्या जागेत आकाशातून एक धातूचे कडे येऊन आदळले होते. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर व वजन चाळीस किलोहून अधिक होते. वृत्तपत्रांत आलेल्या हकीकतीप्रमाणे बायामाणसे गावजेवणाच्या तयारीत होती. तांबडा लोळ कोसळला, मोठा आवाज झाला आणि स्फोट होईल या भीतीने माणसे अर्धा तास घरांची दारे लावून बसली. जवळच्या दुसऱ्या गावी एक धातूचा गोळाही सापडला. हे अवशेष पोलीस ठाण्यात जमा झाले, आसपासच्या गावांतून शोध घेण्यात आला, आणि पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ पाहणीसाठी आले. कोणी ते कडे भंगारवाल्यास विकले असते तर प्रकरण तेथेच मिटले असते. पंचनामा या रुक्ष सरकारी शब्दाला आपण हसतो. येथे मात्र त्याचेच मोल फार होते.

ओळख कशी पटली, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. उल्का वातावरणात सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुधा एकदोन सेकंदांत जळून जाते. त्या रात्रीची रेघ बराच वेळ, जवळजवळ आडवी, संथपणे चालली होती. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते ती सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने आणि अगदी उथळ कोनात. त्यामुळे ती आकाशाचा मोठा पल्ला ओलांडते, आणि तिचे तुकडे एकाच दिशेने, एकमेकांना समांतर जातात. म्हणजे ही मानवनिर्मित वस्तू आहे, एवढे केवळ चित्रफितींवरूनच कळले. पण कोणाची? त्याच सायंकाळी न्यूझीलंडहून एक इलेक्ट्रॉन अग्निबाण सुटला होता, म्हणून प्रथम काही जाणकारांचा संशय त्यावर गेला. वेळ जुळत होती, म्हणून नावही जुळविले गेले. पुढे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांच्या नोंदी ताडून दाखविल्या. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग-३ ब अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता आणि त्याचा मार्गही याच प्रदेशावरून जात होता. आज तेच उत्तर सर्वांत सयुक्तिक मानले जाते.

येथे एक कायदेशीर बाजूही आहे. अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर ती सोडणाऱ्या राष्ट्रावर त्याची संपूर्ण जबाबदारी राहते, असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या वायव्य भागात कोसळला, तेव्हा १९८१ मध्ये सोव्हिएत सरकारने तीस लाख कॅनेडियन डॉलर भरले. पण ही भरपाई मागावयाची तर वस्तू कोणाची हे आधी ठरावे लागते. ‘अनोळखी’ या नावाने कोणाकडे हात पसरावयाचा? लाडबोरीचे ते कडे चारदोन घरांवर पडले असते, तर ओळख पटविणे हा कुतूहलाचा नव्हे, पोटापाण्याचा प्रश्न झाला असता.

आता दुसरे प्रकरण. हे आम्हांस पहिल्याहून अधिक विचार करावयास लावते, कारण येथे हाती काहीच पडले नाही. राहिली ती छायाचित्रे आणि माणसांचे शब्द.

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील हिमनद्यांचे अभ्यासक डॉ. अनिल कुलकर्णी २००४ च्या सप्टेंबरात हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पितीत, समुद्रटापू हिमनदीच्या खोऱ्यात, आपल्या पथकासह गेले होते. ‘इंडिया टुडे’ने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, मुक्कामापासून सुमारे पन्नास मीटरवर, चार फूट उंचीची, यंत्रमानवासारखी भासणारी एक आकृती दरीतून ‘चालत’ जाताना त्यांना दिसली. पुढे ती वर उचलली जाऊन दिसेनाशी झाली. हा प्रकार चाळीस मिनिटे चालला. सहा शास्त्रज्ञ धरून चौदा जणांनी तो पाहिला आणि त्याचे चित्रणही झाले.

यानंतर डॉ. कुलकर्णींनी जे केले त्याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. त्यांनी पथकातील प्रत्येकास स्वतंत्रपणे विचारून त्याची हकीकत टिपून घेतली. न्यायालयात साक्षीदारांना एकमेकांच्या जबान्या ऐकू देत नाहीत, त्याचे कारण आपल्यातील वकील मंडळी जाणतातच. चारजण शेकोटीभोवती बसून बोलले की चौघांची आठवण एक होते, आणि कोणी खोटे बोलले नसले तरी साक्ष चारांची न राहता एकाचीच उरते. मग सविस्तर अहवाल तयार झाला आणि त्याच्या प्रती पंतप्रधानांचे कार्यालय, अंतराळ संशोधन संस्था, सेनादल व गुप्तवार्ता यंत्रणा यांच्याकडे गेल्या. सरकारी नोकरीतील शास्त्रज्ञाने ‘आम्ही असे असे पाहिले व ते काय होते हे सांगता येत नाही’ असे स्वतःच्या सहीने लिहून देणे ही साधी गोष्ट नव्हे. हसणारे पुष्कळ भेटतात. गप्प बसणे फार सोपे होते.

ती वस्तू फुगा असावी, वाऱ्याबरोबर दरीतून घरंगळत आली असावी, असे मत पुढे काहींनी मांडले. आम्हांसही ते असंभव वाटत नाही. पण आमचे मत म्हणजे निकाल नव्हे. प्रकरण पुढे गेले नाही आणि वस्तू अनोळखीच राहिली.

चौदा डोळस माणसे आणि छायाचित्र असूनही निर्णय का होऊ नये? कारण छायाचित्रात अंतर उमटत नाही. दहा मीटरवरील एक फुटाचा फुगा आणि शंभर मीटरवरील दहा फुटांचे यान कागदावर अगदी सारख्याच जागेत मावतात. आकार कळण्यास अंतर हवे, अंतर कळण्यास आकार हवा, आणि वेग तर या दोहोंवाचून सांगताच येत नाही. गुढियारीच्या अगदी लगतून हावडा-मुंबई लोहमार्ग जातो. त्या गाडीत खिडकीशी बसलेले लहान मूल ‘चंद्र आपल्याबरोबर पळतो’ असे म्हणते, तेच थोर वैमानिकांचेही होते. अमेरिकी नौदलाच्या विमानाने २०१५ मध्ये घेतलेल्या एका चित्रफितीत एक ठिपका समुद्रावरून प्रचंड वेगाने धावताना दिसतो. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये कोन व उंची यांचा हिशेब मांडला, तेव्हा ती वस्तू समुद्रालगत नव्हे, सुमारे १३,००० फुटांवर होती आणि तिचा वेग ताशी अवघा चाळीस मैल, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वस्तूइतका होता. धावत होते ते मुख्यतः विमानच.

आपल्या सैनिकांचेही उदाहरण आहे. लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सेनेने ३२९ वेळा अनोळखी तेजोगोल पाहिल्याची नोंद केली. सीमेपलीकडून येणारी टेहळणी विमाने म्हणून त्यांची धास्ती होती. अखेर बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेस विचारणा झाली, आणि तिच्या खगोलशास्त्रज्ञांनी ते गुरू व शुक्र असल्याचे सांगितले. यात सैनिकांना हसण्यासारखे काही नाही. विरळ, स्वच्छ हवेत ग्रह किती झळाळतो हे मैदानात राहणाऱ्यांस ठाऊक नसते, आणि पहारा देणाऱ्याने दिसेल ते नोंदवावे हेच त्याचे काम. त्यांनी वेळ व दिशा टिपली म्हणून तर ज्योतिर्विदांना उत्तर देता आले.

अमेरिकेच्या हवाईदलाने १९५२ ते १९६९ या काळात ‘ब्लू बुक’ नावाची मोहीम चालविली. या हवाईदलाने १९४७ पासून गोळा केलेल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अखेरपर्यंत अनोळखी राहिल्या. या ७०१ वर कित्येकांनी ग्रंथ रचले. फ्रान्समध्ये १९७७ पासून सरकारी अंतराळ संस्थेतच यासाठी एक लहान विभाग आहे, आणि त्यांची वर्गवारी आम्हांस फार आवडते. ओळख पूर्ण पटली, बहुधा पटली, माहिती अपुरी आहे, आणि माहिती पुरेशी असूनही ओळख पटत नाही, असे चार वर्ग ते करतात. तिसऱ्या व चौथ्या वर्गातला फरक पाहा. बहुतेक वादंग माजतो तो तिसऱ्यातील प्रकरणे चौथ्यात ढकलल्यामुळे.

आपल्या राज्यातील एका प्रकरणाचा उल्लेख न करणे बरे दिसणार नाही. रायपूरहून धमतरीमार्गे जगदलपूरकडे जाताना चारामा लागते. त्या भागातील चंदेली व गोटीटोला येथील शैलचित्रांत परग्रहवासी व तबकड्या दिसतात, असे राज्याच्या पुरातत्त्व विभागातील जे. आर. भगत यांनी २०१४ मध्ये सांगितले आणि वृत्तपत्रांतून बराच गाजावाजा झाला. ही चित्रे दहा हजार वर्षांची असल्याचे तेव्हा म्हटले गेले. आकाशातून उतरलेल्या ठेंगण्या लोकांच्या गोष्टी तेथील गावांत सांगतात, हेही छापून आले. चित्रे मोलाची आहेत यात शंका नाही. परंतु नाकडोळे नसलेली आकृती पाहून आपणांस परग्रहवासी आठवतो तो चित्रपटांमुळे, आणि ज्याने ती रेखाटली त्याने चित्रपट पाहिला नव्हता. मुखवटा, शिरोभूषण, एखादा देव असे कितीतरी जवळचे अर्थ असू शकतात. ते शोधावयाचे तर बस्तरच्या माणसांना आधी विचारावे.

परग्रहाचा प्रश्न मुळात हास्यास्पद आहे, असे मात्र कोणी समजू नये. कै. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून मोठे फुगे सोडून वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेण्यात आले होते. २००५ च्या उड्डाणातील नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. हे जीव बाहेरून आले, असे सिद्ध होत नाही, हेही त्याच निवेदनात स्पष्ट लिहिले होते. गंमत अशी की असले फुगेच ठिकठिकाणी तबकड्या म्हणून पाहिले जातात.

समुद्रटापूकडे पुन्हा एकदा वळून आम्ही थांबतो. त्या चाळीस मिनिटांची चर्चा आजही अधूनमधून होते. डॉ. कुलकर्णी व त्यांचे सहकारी तेथे गेले होते ते हिमनदी मोजावयास, आणि ते मोजमाप त्यांनी पुरे केले. जुने नकाशे व उपग्रहांची छायाचित्रे ताडून त्यांनी दाखविले की १९६२ ते २००० या ३८ वर्षांत समुद्रटापू हिमनदी सुमारे ७४२ मीटर मागे हटली. चिनाब, पार्वती व बास्पा या खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांचे क्षेत्र १९६२ पासून २,०७७ चौरस किलोमीटरवरून १,६२८ वर आले, हे त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. ती छायाचित्रे कोणी एकमेकांना पाठविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

कोणाजवळ असे एखादे छायाचित्र असल्यास त्याच्या पाठीवर तारीख, वेळ, दिशा व कोठे उभे राहून घेतले ते लिहून उद्याच्या बैठकीस अवश्य आणावे.