जुन्या इंजिनावरील पट्ट्याची वाट

मोटारीच्या इंजिनाची शक्ती मुख्यतः चाकांकडे जात असली, तरी तिचा काही भाग इंजिनाच्या स्वतःच्या गरजांवर खर्च होतो. पाण्याचा पंप, पंखा आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो यांना ती क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकावरील पुलीवरून रबरी पट्ट्याने पोचते. गॅरेजमध्ये याच पट्ट्याला ‘फॅन बेल्ट’ म्हणतात.

हिंदुस्थान ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनावर असा एकच पट्टा क्रँक, पंप आणि डायनॅमो यांच्या पुल्यांभोवती त्रिकोणात फिरतो, त्यामुळे तो चुकीच्या वाटेने बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न असतो तो पकडीचा. वर रुंद व खाली निमुळता असलेला हा पट्टा पुलीच्या खाचेतील दोन तिरक्या भिंतींमध्ये पाचरीसारखा रुततो आणि खाचेच्या तळाला त्याचा स्पर्शही होता कामा नये. तळ चकाकू लागला असेल, तर झिजलेला पट्टा कितीही ताणला तरी घसरणारच. पट्टा पुलीला जेवढ्या कोनातून वेढतो, त्यावरही पकड अवलंबून असते, म्हणून डायनॅमोच्या लहान पुलीवर घसरण लवकर सुरू होते आणि दिवे लावताच किंचाळी ऐकू येते. ताण देण्यासाठी डायनॅमो त्याच्या बोल्टांवर बाहेर झुकवून आवळतात. सर्वांत लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबल्यास पट्टा सुमारे अर्धा इंच दबावा. पट्टा ‘टाइट’ असलेला बरा, हा समज मात्र महागात पडतो, कारण जादा ताणाची किंमत पंपाच्या आणि डायनॅमोच्या बेअरिंगांना मोजावी लागते.

जुन्या गाडीला मागाहून वातानुकूलन बसवले की क्रँकच्या पुलीवर दुसरा पट्टा येतो आणि वाटेला क्रमही येतो: इंजिनालगतचा पट्टा आधी चढवावा लागतो, आणि तोच तुटला तर बाहेरचा शाबूत पट्टाही उतरवावा लागतो. कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट जरासा तिरका असला, तरी दोन पुल्या एका रेषेत राहत नाहीत. मग पट्ट्याची एकच कड खरवडली जाते आणि आसपास काळी भुकटी साचते.

१९७९च्या फोर्ड मस्टँगपासून रूढ होऊ लागलेल्या सर्पिल पट्ट्याने या सगळ्या पट्ट्यांची कामे एकट्यावर घेतली, पण वाट चुकण्याची शक्यताही सोबत आणली. त्याची एक बाजू उभ्या धारांची, तर दुसरी सपाट असते. धारांची बाजू खाचांच्या पुल्यांवर बसते आणि सपाट पाठ गुळगुळीत पुल्यांवरून जाते. पाठीवर चालणारी पुली क्रँकच्या उलट दिशेने फिरत असल्याने पट्टा तिच्या दुसऱ्या अंगाने नेल्यास तिची दिशाच पालटते. डायनॅमोच्या जागी आलेला अल्टरनेटर उलटा फिरला तरी वीज देतो, मात्र त्याचा पंखा त्याला नीट थंड करत नाही. पंपाची गोष्ट अधिक फसवी आहे, कारण तो उलटा फिरूनही थोडे पाणी ढकलत राहतो, त्यामुळे गाडी उभी असताना सर्व ठीक वाटते आणि चढावर इंजिन तापते. दोष मग बिचाऱ्या थर्मोस्टॅटवर जातो.

बॉनेटखाली चिकटवलेला पट्ट्याच्या वाटेचा नकाशा जुन्या गाड्यांत बहुधा निघून गेलेला असतो. म्हणून जुना पट्टा काढण्यापूर्वीच त्याची वाट, पुल्यांच्या दिशांच्या बाणांसह, कागदावर रेखाटून घ्यावी.