ठेक्यातील मोकळी जागा



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘हिप-हॉप’ हा शब्द वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. माझ्याही एकेकाळी गेल्या होत्या. परंतु गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने संगणकावर रचलेला एक ठेका मला ऐकवला आणि मी ह्या विषयात सापडलो. ढोल, झांज, खर्जातला सूर, बासरी, टाळ्या, सारे काही पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत एकदम वाजत होते. मी म्हटले, “आता ह्यावर तुझे शब्द म्हण.” त्याने म्हटले. रस्ता रुंद झाला तेव्हा पाडल्या गेलेल्या आजोबांच्या दुकानावर, म्हणजे माझ्याच वडिलांच्या दुकानावर, त्याने ते रचले होते. पण एक शब्द कळेल तर शपथ! ठेका चांगला, शब्दही चांगले. दोष होता तो मांडणीत.

ह्या कलेचा जन्मच मांडणीच्या एका युक्तीतून झाला. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत कूल हर्क ह्या जमैकात जन्मलेल्या तरुणाने एका समारंभात तबकड्या वाजविल्या. गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो, त्या तुकड्यावर लोक अधिक रंगून नाचतात, हे त्याने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवीत नेई. पुढे त्या मोकळ्या जागेत माणसाचे बोलणे येऊन बसले.

आज हे काम संगणकावर होते. चार मात्रांचा एक ‘बार’ धरतात. सामान्यतः सुरुवातीला 4 बार, कडव्याला 16, ध्रुपदाला 8. पुन्हा कडवे, पुन्हा ध्रुपद. मग 8 बारांचा वेगळा तुकडा, अखेरचे ध्रुपद आणि 4 बारांचा शेवट. बेरीज 72 बार. मिनिटाला 90 मात्रांची लय धरली, तर गाणे 3 मिनिटे 12 सेकंदांत संपते. आकडे काही वेदवाक्य नव्हेत. तथापि ऐकणाऱ्याचा कान कोठे बदल अपेक्षितो, ते त्यांवरून कळते.

पण नुसत्या आकड्यांनी कडवे आणि ध्रुपद वेगळे होत नाहीत. ते वेगळे होतात काय ठेवले आणि काय काढले ह्यावरून. हे आपल्याला नवे आहे काय? शाहीर कथन करू लागला की डफावरचा हात हलका होतो; झीलकऱ्यांनी ‘जी जी’ म्हणून ओळ उचलली की डफ, तुणतुणे, झांज सारे उसळते. आपल्या शेजारच्या वाळवे तालुक्यात रेठरे हरणाक्षला पठ्ठे बापूराव जन्मले, वाटेगावला अण्णाभाऊ साठे. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर ह्यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभारले, ते गिरणगावच्या कामगारांना शब्द ऐकू यावेत म्हणून. शब्द बुडाला असता तर कलापथक कशाला हवे होते? 2019 मध्ये मुंबईच्या ‘स्वदेसी’ ह्या तरुणांच्या चमूने आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले, त्यामागेही हीच निकड होती.

पुतण्याला मी एवढेच म्हटले, “बाबा रे, झीलकऱ्यांना थोडे गप्प बसव.” त्याने पहिल्या कडव्यातून बासरी आणि टाळ्या काढल्या; ढोल आणि खर्ज तेवढे ठेवले. ध्रुपदाला सारी वाद्ये आली. दुसऱ्या कडव्यात आठव्या बारानंतर झांज आणली, म्हणजे तेच कडवे पुन्हा ऐकतो आहोत असे वाटू नये. आणि प्रत्येक ध्रुपदापूर्वी एक बार ढोल बंद केला. तो थांबला की कान आपोआप पुढे होतो.

माझी एक सूचना मात्र त्याने मानली नाही. शेवट मोठ्या गजरात करावा, असे मी म्हणत होतो. तो म्हणाला, “काका, नको.” अखेरच्या चार बारांत त्याने सगळी वाद्ये काढून टाकली. नुसत्या आवाजात दुकानाच्या पाटीवरचे आजोबांचे नाव ऐकू आले. पाटी पडून गेली, त्यानंतर ते नाव इतके स्पष्ट मी प्रथमच ऐकत होतो.

आपल्याही घरात अशी मुले असतील. त्यांना ‘आवाज कमी कर’ असे आपण नेहमीच सांगतो. पुढच्या वेळी जरा जवळ बसून कोणता आवाज कमी करायचा, तेही सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.