दोन राहुट्यांमधली वाट

आम्ही नागपूरच्या लकडगंजातल्या बचत गटाच्या बाया. आषाढी जवळ आली की गावोगावच्या गटांत वारीची बोलणी सुरू होतात. कोण जाणार, कोणाच्या घरून हो म्हटलं, मुलांना कोण सांभाळणार. पिशवीत काय भरायचं हे सांगणाऱ्या खूप जणी भेटतात. छत्री घे, खोबरेल तेल घे, पायाला लावायचं मलम घे. पण रोजच्या मुक्कामाला दुसऱ्या गावच्या बायांच्या शेजारी कसं राहायचं, हे कोणी सांगत नाही. आज तेवढंच बोलायचं आहे.

जेष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची. आपल्या विदर्भातूनही शेगावच्या गजानन महाराजांची आणि कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेची पालखी पायी जाते. माउलींच्या सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. काही दिंड्या रथापुढे चालतात, बाकीच्या रथामागे. दिवसभर ही रांग नीट असते, कारण जागा ठरलेली असते. खरी परीक्षा संध्याकाळी तळावर होते. एका शेतात किंवा माळावर शेकडो राहुट्या उभ्या राहतात. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन जागा धरतो, माणसं खुंट्या ठोकतात, आणि चालून आलेल्या बायांना हक्काची म्हणावी अशी जागा मिळते ती पथारीपुरती. साडेतीन हात लांब, दीड हात रुंद. भांडण होतं ते बहुतेक ह्याच दीड हातासाठी.

पहिली गोष्ट, खुंटी ठोकण्याआधी शेजाऱ्याला विचारायचं. आमच्या लकडगंजात लाकडाच्या वखारी आहेत, आरा मशिनी आहेत. ज्याला धंदा कळतो तो लाकडाच्या दोन थप्प्या एकमेकींना खेटून लावत नाही. मधून हातगाडी गेली पाहिजे, आणि देव न करो, आग लागली तर माणूस धावला पाहिजे. ती मधली वाट कोणा एकाची नसते, म्हणूनच ती दोघांनी राखायची असते. तळावरही तसंच आहे. आपल्या राहुटीची ताणाची दोरी शेजारच्या दोरीत अडकली तर रात्री अंधारात लघवीला उठलेली म्हातारी तिथेच पडते. मग तिची वारी तिथेच संपते. म्हणून दोन राहुट्यांमध्ये दोन बाया एकमेकींना धक्का न लागता जातील एवढी वाट सोडायची. दोरीला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधायच्या. चिंधीला पैसा लागत नाही आणि ती अंधारातही दिसते.

जागा धरणारे पुरुष असतात, पण त्या जागेत रात्र काढणाऱ्या आपण असतो. म्हणून तळावर पोहोचल्याबरोबर आपल्यातल्या दोघींनी शेजारच्या राहुटीत जाऊन यावं. "माउली, कोणत्या गावच्या? किती जणी आहात? कोणी आजारी आहे का?" एवढं विचारलं तरी पुरे. नाव-गाव कळलेल्या माणसाशी भांडण लवकर होत नाही, आणि झालं तरी लवकर मिटतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आषाढ म्हणजे पाऊस. राहुटीच्या चारी बाजूंनी चर खणतात, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. पण चराला तोंड कुठे दिलं, हे बघितलं पाहिजे. एका वर्षी आमच्या शेजारच्या राहुटीचा चर नेमका आमच्या बाजूला उघडला होता. मध्यरात्री पाऊस आला आणि आमच्यातल्या दोन म्हाताऱ्यांच्या वळकट्या भिजल्या. आमच्या पोरी तावातावाने निघाल्या. तिकडून उत्तर आलं, "आम्ही आधी आलो होतो." तेव्हा आमच्यातली एक वडीलधारी बाई फावडं घेऊन गेली आणि म्हणाली, "आधी आलात हे खरं. पण पाणी आधी-नंतर बघत नाही, उतार बघतं. चला, दोघी मिळून चर खाली नेऊ." अर्धा तास चिखलात दोन्हीकडच्या बायांनी खणलं. वळकट्या काही त्या रात्री वाळल्या नाहीत. त्या दोघी म्हाताऱ्या शेजारच्यांच्या ट्रकमध्ये झोपल्या.

ह्यातून लक्षात ठेवायचं ते असं. "आम्ही आधी आलो" ह्या वाक्याने जागा मिळते, शेजार मिळत नाही. आणि भांडायला जाताना हातात काम करायची वस्तू असली की तोंड आपोआप आवरतं.

तिसरी गोष्ट चुलीची. आता बहुतेक दिंड्यांत गॅसची शेगडी असते. सिलिंडर राहुटीच्या आत ठेवायचं नाही, आणि शेजारच्या कापडालगतही ठेवायचं नाही. लाकडाची चूल असेल तर वारा कुठून कुठे वाहतो ते बघून मांडायची, नाहीतर आपल्या भाकरीचा धूर दुसऱ्यांच्या डोळ्यांत. खरकटं पाणी शेजाऱ्याच्या वाटेत ओतायचं नाही. पत्रावळी, द्रोण, चहाचे कप एका पोत्यात भरायचे आणि सकाळी निघताना ते पोतं कचऱ्याच्या जागी पोहोचवायचं. ज्या शेतात आपण उतरतो ते कोणाचं तरी असतं. पालखी पुढे गेली की त्या घरची बाई ते शेत साफ करते. ती आपली सर्वात जवळची शेजारीण, आणि तिची आपली गाठ कधी पडत नाही.

चौथी गोष्ट रात्रीची. भजन वारीत नाही करायचं तर कुठे करायचं? पण दहा-साडेदहानंतर शेजारी झोपले असतील तर टाळ हळू वाजवावा. मोबाइलवर मोठ्याने बोलायचं असेल तर बाहेर जावं. विजेरी उजेडासाठी आहे, दुसऱ्याच्या राहुटीत मारायला नाही. पहाटे दोन-तीनला उठून आंघोळीला जाणाऱ्या बाया असतात. त्यांनी आपली पिशवी रात्रीच भरून उशाशी ठेवावी. अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्यांची खसखस झाली की अख्खी राहुटी जागी होते.

आंघोळ आणि शौचाला जाणं ह्यावर मोकळेपणी बोलू या. वाटेवर फिरती शौचालये असतात, पण पहाटे रांग लांब असते. आपल्या आणि शेजारच्या राहुटीतल्या बायांनी चार-चार जणींची टोळी करून जावं. दोघी बाहेर उभ्या राहतील, दोघी आत. टँकरजवळ आंघोळ असेल तर साडीचा आडोसा एकीने धरायचा आणि मग आपली पाळी. इथे गाव, जात, दिंडी क्रमांक काही बघायचं नाही. महिन्याचे दिवस आलेल्या पोरीला राहुटीत वेगळं बसवायचं नाही. तिला कडेची, बाहेर पडायला सोपी जागा द्यायची आणि वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून टाकायला एक वेगळी पिशवी द्यायची. कोणी त्रास दिला तर 112 किंवा 181 हे क्रमांक प्रत्येकीला पाठ हवेत, फक्त मोबाइलवालीला नाही.

राहुटीच्या आतही शेजारधर्म असतोच. दाराजवळची जागा म्हाताऱ्यांना आणि ज्यांना रात्री उठावं लागतं त्यांना द्यायची. गळणारी कडेची जागा रोज एकीच्याच वाट्याला येऊ द्यायची नाही, पाळी लावायची. सासवडला माउलींचा दोन रात्री मुक्काम असतो. तिथे जागा बदलून घ्यायला सवड मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एवढं करूनही कुरबुर होणार. हजारो माणसं, थकलेले पाय, भिजलेले कपडे. मग तक्रार कशी करायची? ह्याचं उत्तर वारीतच आहे, आणि फार जुनं आहे. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात आणि समाज आरती होते. चोपदार हातातला दंड वर करतात. त्या क्षणी हजारो टाळ थांबतात. इतकी शांतता होते की लहान मुलाचं रडणंही ऐकू येतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी आपले टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकतात, तिचा निवाडा होतो, मगच आरती होते. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू तिथेच पुकारतात, दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं तेही तिथेच सांगतात.

ह्या रिवाजात काय काय आहे बघा. तक्रार करणाऱ्याला गप्प बसवत नाहीत. उलट बाकी सगळे गप्प बसतात, म्हणून त्याचं ऐकू येतं. तक्रार सगळ्यांसमोर होते, पाठीमागे कुजबुज नाही. आणि ती त्याच संध्याकाळी मिटते, दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर कोणी ती सोबत घेऊन चालत नाही.

आपल्या राहुट्यांतही असंच करता येतं. आम्ही रात्री जेवणानंतर दहा मिनिटं बसतो, कधी कधी शेजारच्या बायांनाही बोलावतो. जिला काही सांगायचं आहे ती सांगते, बाकीच्या मधे बोलत नाहीत. नव्या सुना, पहिल्यांदा आलेल्या मुली, ह्यांना आधी बोलू द्यायचं. त्या गप्प बसतात म्हणजे त्यांना त्रास नाही असं नसतं.

हे सगळं इतकं तपशिलात का सांगतो? कारण बाईला वारीला जायची परवानगी सहज मिळत नाही. घरची कामं, शेतातली पेरणी, पैसा, सगळं जमवून ती वीस दिवसांसाठी निघते. कितीतरी जणींच्या आयुष्यात घराबाहेरचे तेवढेच दिवस असतात. मुक्कामात भांडण झालं, कोणी पडली, कोणाची बदनामी झाली, की गावात बातमी पोहोचते आणि पुढच्या वर्षी दहा घरांतून "नको" येतं. पुरुषांच्या दिंडीत भांडण झालं म्हणून कोणी पुरुषांना घरी बसवत नाही. आपल्याला बसवतात. तो न्याय बरोबर नाही, पण आज तसा आहे. म्हणून दोन राहुट्यांमधली वाट मोकळी राहिली, तर आपल्या मागून येणाऱ्या पोरींची वाटही मोकळी राहते.

येत्या बैठकीत गटाने चार कामं करा. जागा धरणाऱ्या माणसासोबत एक बाई ट्रकने पुढे पाठवायची का, ते ठरवा. एक फावडं आणि चिंध्यांची पिशवी सामानात घ्या. 112 आणि 181 सगळ्यांकडून तोंडपाठ म्हणून घ्या. आणि रात्रीच्या दहा मिनिटांच्या बैठकीत कोण कोणाला आधी बोलू देणार, हे नाव घेऊन ठरवा. ज्या पंढरपूरला जाणार नाहीत, आपल्या कळमेश्वर तालुक्यातल्या धापेवाड्याच्या यात्रेला एका रात्रीसाठी जातील, त्यांनाही हे लागू आहे. शेजार एका रात्रीचा असला तरी शेजारच असतो.

राम कृष्ण हरी.