कर्णधार दिले, संघ नाही

आज शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी आयुष्यभर शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल शिकवला. तुमच्यापैकी बरेचजण आता तेच काम करणार आहेत, म्हणून आज मी त्याच खेळाबद्दल बोलणार आहे. शहर मात्र दूरचं निवडलं आहे, वाराणसी.

मराठी माणूस काशीला जातो तो विश्वनाथाच्या दर्शनाला. अहिल्याबाईंनी उभारलेलं देऊळ पाहतो, घाटावर स्नान करतो आणि परततो. मला तुम्हाला गंगेपासून जरा लांब, भोजूबीरच्या बाजूला न्यायचं आहे. तिथे उदय प्रताप कॉलेज आहे. भिनगाचे राजा उदय प्रताप सिंह यांनी 1909 मध्ये ही संस्था सुरू केली. बनारसमध्ये तिला सगळे यूपी कॉलेज म्हणतात. या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर एका घरातल्या बहिणी खेळायला येऊ लागल्या. थोरल्या प्रियांकाने सुरुवात केली आणि तिच्यामागून दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा आल्या. यांपैकी चौघी भारताकडून खेळल्या. मेलबर्नच्या 2006 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बास्केटबॉलचा पहिल्यांदाच समावेश झाला, तेव्हा भारतीय महिला संघाची कर्णधार दिव्या सिंग होती. पुढे प्रशांती आणि आकांक्षा यांनीही देशाचं नेतृत्व केलं. प्रशांतीला 2017 मध्ये अर्जुन पुरस्कार आणि 2019 मध्ये पद्मश्री मिळाली.

त्याच शहरातला विशेष भृगुवंशी भारतीय पुरुष संघाचा कर्णधार झाला. वूहानमध्ये 2014 साली आशिया चषकात भारताने चीनला चीनच्या भूमीवर 65-58 असं हरवलं, त्या संघात तो होता. त्याला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. एका शहरातून, तेही क्रिकेट आणि कुस्तीचं वेड असलेल्या शहरातून, दोन्ही संघांना कर्णधार मिळाले. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं उदाहरण मुंबईच्या नागपाड्याचं. त्या गल्ल्यांमधून अब्बास मुन्तसिर आले, भारताचे कर्णधार झाले आणि 1970 मध्ये अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले.

आता दुसरी बाजू पाहा. भारतीय बास्केटबॉल महासंघाने इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू केली. पाच-पाच खेळाडूंच्या पुरुषांच्या पहिल्या हंगामात सहा शहरांचे संघ होते. दिल्ली, चंडीगड, मुंबई, बंगळुरू, कोची आणि चेन्नई. सामन्यांच्या फेऱ्या वेगवेगळ्या शहरांत झाल्या आणि 2023 च्या सुरुवातीला चेन्नई हीट हा संघ विजेता ठरला. या सहा नावांत वाराणसी नाही. देशाला एवढे कर्णधार देणाऱ्या शहराच्या नावाने अंगात जर्सी घालून कोणी उतरलं नाही.

लीगचे संघ मोठ्या शहरांना मिळतात, कारण पैसा तिथे असतो, असं उत्तर कोणीही देईल. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. चेन्नईचा विजय त्या एका हंगामात तयार झालेला नव्हता. तामिळनाडूत अनेक दशकं बँकांचे, रेल्वेचे आणि क्लबांचे संघ एकमेकांविरुद्ध खेळत आले आहेत. इंडियन ओव्हरसीज बँकेसारख्या संघांनी खेळाडूंना नोकरी दिली आणि वर्षभर खेळायलाही लावलं. कोइमतूरला नाचिमुथू गौंडर चषकासारखी अखिल भारतीय स्पर्धा वर्षानुवर्षं भरते आणि बाहेरचे तगडे संघ तिथे येऊन खेळतात. तिथल्या तरुण खेळाडूच्या खात्यात वयाच्या विसाव्या वर्षीच पुष्कळ सामने जमा झालेले असतात. चेन्नई हीटच्या विजयाकडे मी त्या सामन्यांचं फळ म्हणून पाहते.

बनारसच्या खेळाडूंना मात्र बाहेर पडावं लागलं. बहिणींपैकी काहीजणी दिल्लीला जाऊन एमटीएनएलकडून खेळल्या, तर विशेष ओएनजीसीकडून खेळला. ऑस्ट्रेलियाच्या एनबीएल लीगमधल्या अ‍ॅडलेड थर्टीसिक्सर्स या व्यावसायिक संघाने 2017 मध्ये त्याच्याशी करार केला, तेव्हा तो भारताचा मुरलेला खेळाडू होता आणि वयाची पंचविशी गाठलेली होती. चांगल्या कोर्टवरच्या रोजच्या सरावातून एखादा असामान्य खेळाडू घडू शकतो, हे बनारसने सिद्ध केलं. संघ तसा घडत नाही. बनारसच्या भाषेत सांगायचं तर रियाज भरपूर होता, मैफिलीच नव्हत्या.

तुम्ही सगळे स्पर्धा आयोजनाचा पेपर देऊन आला आहात, तेव्हा थोडा हिशेब करू. तालुक्यात आठ शाळांचे मुलींचे संघ आहेत. आपण बाद पद्धतीने स्पर्धा घेतो. एकूण सामने सात. पहिल्या फेरीत चार संघ हरतात आणि घरी जातात. आंतरराष्ट्रीय नियमांनी दहा-दहा मिनिटांचे चार डाव धरले, तर त्या चार संघांतल्या मुलींच्या वाट्याला वर्षभरात जास्तीत जास्त चाळीस मिनिटांचा सामना आला. त्यातही राखीव खेळाडूला चार-पाच मिनिटं मिळाली तर मिळाली. त्या मुलीने वर्षभर पहाटे उठून सराव केलेला असतो. ज्या दिवशी ती हरली, त्या दिवशी तिचं वर्ष संपलं.

आता तेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळवा. एकूण सामने अठ्ठावीस आणि प्रत्येक संघाला सात. एका कोर्टवर शनिवारी दुपारी चार सामने लावले, तर सात शनिवारांत सगळं पूर्ण होतं. खर्चाचं म्हणाल तर दोन पंच लागतात, टेबलावर गुणलेखक आणि वेळाधिकारी लागतात. ही कामं अकरावी-बारावीची मुलं महिन्याभरात उत्तम शिकतात. चेंडू शाळेत असतातच. तालुक्यात पक्कं कोर्ट एकच असेल, तरीही हे जमतं.

या सात सामन्यांत मुलींचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पहिल्या सामन्यात तुमची उंच मुलगी घाईघाईने हात मारते, दुसऱ्या डावातच तिचे चार फाउल होतात आणि तुम्ही तिला बाकावर बसवता. तिसऱ्या सामन्यापर्यंत ती हाताऐवजी पाय हलवायला शिकते. सरावात दहापैकी आठ फ्री थ्रो टाकणारी मुलगी लोकांसमोर चारच टाकते. पाचव्या शनिवारी तिचा श्वास सावरतो. समोरच्या संघाने पूर्ण कोर्टवर दबाव टाकला की आपल्या मुली गोंधळतात, हे तुम्हाला दुसऱ्या सामन्यात कळतं. आठवडाभर तेवढंच एक घोटवून घेता येतं आणि पुढच्या शनिवारी त्याची परीक्षा होते. बाद पद्धतीत ही चूक तुम्हाला कळते, पण सुधारायला पुढचा सामना नसतो. खेळाडूंइतकाच प्रशिक्षकही अशा हंगामात तयार होतो. टाइमआउटच्या एका मिनिटात काय बोलायचं हे पुस्तकातून येत नाही. ते हरत असताना, मुली तुमच्या तोंडाकडे बघत असताना शिकावं लागतं.

अमेरिकेच्या एनबीएमध्ये प्रत्येक संघ नियमित हंगामात 82 सामने खेळतो. त्यानंतर विजेतेपदासाठी चार मालिका जिंकाव्या लागतात आणि प्रत्येक मालिकेत आधी चार विजय मिळवणारा पुढे जातो. एवढ्या प्रवासात दुखापती होतात, संघात कुरबुरी होतात, दहा-दहा दिवस सूर हरवतो. तिथला विजेता सगळ्यात जास्त वेळा सावरलेला संघ असतो. आपल्याकडे राष्ट्रीय अजिंक्यपद आठ-दहा दिवसांत उरकतं.

आशियातलं उदाहरण घ्यायचं तर जपानच्या महिला पाहा. त्या उंचीने फार नाहीत. पण तिथे कंपन्यांच्या महिला संघांची लीग अनेक वर्षं चालू आहे आणि एनिऑससारख्या संघाने ती वर्षानुवर्षं जिंकली. 2013 पासून 2021 पर्यंत लागोपाठ पाच आशिया चषक जपानच्या मुलींनी घेतले आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्या थेट अंतिम सामन्यात जाऊन रौप्यपदक घेऊन आल्या. त्या ऑलिम्पिक संघाचा प्रशिक्षक टॉम होवास आधी एनिऑसचाच प्रशिक्षक होता. राष्ट्रीय संघ आणि लीग यांचं नातं तिथे इतकं जवळचं आहे.

आपल्या मुलींनीही जिंकून दाखवलं आहे. जुलै 2017 मध्ये बंगळुरूत आशिया चषकाच्या ब गटाची अंतिम लढत झाली. समोर कझाकस्तान होता आणि भारताने 75-73 असा विजय मिळवला. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती, जिने पुढे भारताचं नेतृत्वही केलं. दोन गुणांनी मिळालेला हा विजय आपल्याला वरच्या गटात घेऊन गेला. दोन वर्षांनी आशिया चषक पुन्हा बंगळुरूतच झाला. वरच्या गटात जपान आणि कोरिया यांच्यापुढे आपल्या मुलींचा निभाव लागला नाही. त्यांच्या जिद्दीत काही कमी होतं असं मला वाटत नाही. जपानची प्रत्येक मुलगी शेकडो अटीतटीचे सामने खेळून आली होती आणि आपल्या मुली शिबिरातून आल्या होत्या. शिबिर हा चांगला सराव आहे, पण तिथे समोरचा संघ आपलाच असतो.

व्यावसायिक लीगचे प्रयोग आपल्याकडे झाले नाहीत असं नाही. 2015 मध्ये यूबीए नावाची लीग सुरू झाली. तिच्यात पुणे पेशवाज होते, मुंबई चॅलेंजर्स होते. काही हंगामांनंतर ती बंद पडली. वरून उभी केलेली लीग खाली आधार नसेल तर टिकत नाही. त्या लीगमधला संघ ज्यांनी आपला मानावा, ती मुलं शाळेत असताना कधी सलग सात सामने खेळलेली नव्हती, त्यामुळे हंगामाची गोडी त्यांना माहीतच नव्हती. प्रेक्षकही शाळेच्या मैदानावरच घडतो, आणि तो घडवणं क्रीडाशिक्षकाच्या हातात असतं.

तुमच्या हाती आज जी पदवी येते आहे, तिच्याकडे समाज कसं पाहतो ते मला ठाऊक आहे. शाळेत खेळाचा तास गणिताला दिला जातो. दहावीच्या क्रीडा गुणांसाठी फेब्रुवारीत पालक दारात उभे राहतात आणि जूनमध्ये त्यांनाच मैदान नकोसं होतं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्याचा लाभ अनेक घरांना झाला आहे आणि तो व्हायलाच हवा. पण प्रमाणपत्रासाठी खेळणारं मूल आणि खेळासाठी खेळणारं मूल यांत फरक असतो. तो फरक तुम्हीच जपू शकता.

हेही लक्षात ठेवा की हा खेळ एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकानेच शोधला. 1891 च्या हिवाळ्यात अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांच्यासमोर घरात कोंडलेला एक कंटाळलेला वर्ग होता. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. आपल्याकडे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी आणि देशी व्यायामप्रकार जगाला दाखवले. तेही कामाला लागलेल्या शिक्षकांनीच केलं. खेळ पुढे नेणारे लोक नेहमी स्टेडियमवाले नसतात.

स्टेडियमही हवंच. बनारसमध्ये सिगराचं क्रीडासंकुल नव्याने उभं राहिलं आणि 2024 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण संकुल उभं राहिल्यावर तिथे दर शनिवारी कोण खेळणार, हा प्रश्न बनारसलाही आहे आणि तुमच्या तालुक्यालाही. ज्या शहराने दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि विशेष दिले, त्या शहराचा संघ एक दिवस लीगमध्ये उतरावा आणि जिंकावा, अशी माझी इच्छा आहे. आपल्या सोलापूर, नांदेड, जळगावच्या नावांचे संघही त्याच्याविरुद्ध उतरावेत.

त्यासाठी माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. नोकरीवर रुजू झालात की पहिल्या वर्षीच आसपासच्या सात शाळांच्या क्रीडाशिक्षकांना फोन करा. त्यांतले दोघेच हो म्हणाले, तर तीन संघांची दुहेरी साखळी लावा. पावसाळ्यात उघड्या कोर्टवर पाणी साचतं, म्हणून दिवाळीनंतरचे शनिवार ठरवा. मुलींचे सामने मुलांच्या आधी लावा, म्हणजे अंधार पडायच्या आत त्या घरी पोहोचतील आणि पालक पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवतील. दर सामन्याचं गुणपत्रक जपून ठेवा आणि गुणतक्ता शाळेच्या फलकावर लावा. शेवटच्या क्रमांकाच्या संघालाही पूर्ण हंगाम खेळू द्या.

तुम्हा सर्वांचं अभिनंदन. पहिल्या शनिवारचं वेळापत्रक तयार झालं की मला कळवा, मी पंच म्हणून यायला तयार आहे.