बांधावरचं झाड आणि आपला सातबारा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं आम्ही. रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, तेच तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही म्हणाल, विहारात झाडांचं काय काढलं? तर सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या आणि ते स्तंभावर कोरून ठेवलं. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

कोळसा, डिझेल जाळल्याने हवेत कार्बन वायू साठतो आणि उष्णता धरून ठेवतो. 1958 साली हवाई बेटावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. आज 420 च्या वर आहे. त्याचा चटका थंड खोलीत बसणाऱ्याला कमी, मे महिन्यात मातीच्या पाट्या वाहणाऱ्या आयाबायांना जास्त.

झाड हाच वायू ओढून लाकूड बनवतं. 100 किलो वाळल्या लाकडात सुमारे 50 किलो कार्बन असतो. म्हणजे हवेतला 180 किलोच्या वर वायू त्यात अडकला. झाड तोडून जाळलं की तो परत हवेत! म्हणून झाड ही ठेव आहे, गिरण्या-कारखान्यांच्या धुराला माफी नव्हे.

पीक आणि झाड एकाच रानात, याला वनशेती म्हणतात. आपल्या बापजाद्यांना ती ठाऊक होती. बांधावर बाभूळ, कडुनिंब, बोर, हादगा असायचा. बाभळीच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात, शेंगा शेळ्या खातात, लाकूड औताला होतं. सावलीने चार ओळींचं पीक कमी येतं हेही खरं. म्हणून फांद्या छाटाव्या लागतात. 2014 साली केंद्राने यासाठी राष्ट्रीय धोरण आणलं. 2015 साली देशाने जगाला वचन दिलं की, 2030 पर्यंत झाडांमार्फत 250 ते 300 कोटी टन कार्बन वायू जादा साठवू.

चांगलं आहे. पण बांधवांनो, झाड कोणाच्या जमिनीत?

1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 साली निघाला. तरी आमच्या वडिलांनी दगड वेचून केलेल्या दोन एकरांच्या सातबाऱ्यावर आजही 'सरकार' आहे. फळबाग योजनेसाठी एका कार्यालयात गेलो, तर साहेब म्हणाले, "सातबारा आणा." आम्ही गप उठून आलो. बांधावर कडुनिंब मात्र लावले. त्यातले बावीस जगले; आईने डोक्यावरून पाणी आणून जगवले.

उद्या कोणी म्हणेल, गायरानात कार्बनसाठी रोपवन करायचं, तुम्ही उठा. मग ही बावीस झाडं कोणाच्या हिशोबात जातील?

म्हणून तीन कामं करा. एक, जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे जपा. गाव नमुना 1-ई मध्ये आपली नोंद आहे का, तलाठ्याकडे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली गावची सार्वजनिक जमीन मोकळी करायला सांगितलं, पण भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना सरकारी पट्टा मिळाला असेल तिथे अपवादाला जागा ठेवली. तेव्हा पट्टा मागत राहा. दोन, बांधावर मिश्र देशी झाडं लावा. तीन, कार्बनचे पैसे देऊ म्हणत कोणी करार आणला तर किती वर्षं बांधील, वाटा किती, दुष्काळात झाड वाळलं तर भुर्दंड कोणावर, हे वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. एक क्रेडिट म्हणजे एक टन वायू, म्हणजे साडेपाचशे किलो वाळलं लाकूड. हिशोब आपल्यालाही येतो! आणि करारावर घरधनिणीचं नाव घाला; पाणी तिनेच घातलेलं असतं.

झाड लावू ते हक्काने लावू, एवढं बोलून आम्ही थांबतो.

जयभीम! जय भारत!